पत्राला सहापैकी साडेतीन, पण का?

पेपर वाटले की वर्गात पहिली पाच मिनिटं काय चालतं ते शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. कोपऱ्यातला आकडा बघायचा, शेजाऱ्याचा बघायचा, बेरीज चुकलीय का ते दोनदा मोजायचं आणि बेरीज बरोबर निघाली की पेपर दप्तरात कोंबायचा. आपण रात्री जागून लाल पेनानं लिहिलेलं "मुद्दे अपुरे", "विस्तार हवा", "अक्षर सुधार" कुणी वाचत नाही. आणि वाचून तरी पोरगं काय करणार, अपुरा म्हणजे कुठला मुद्दा अपुरा हे त्या शेऱ्यात कुठंय? मग एखादं धीट कार्टं टेबलापाशी येतं, "मॅडम, पत्राला मला साडेतीनच का, त्याला साडेचार दिलाव की!" आणि आपण म्हणतो, त्याचं जास्त चांगलं आहे म्हणून. पोरगं मान हलवून जातं, पटलेलं मात्र नसतं.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पूर्व भाग म्हणजे यंत्रमागाचा, विडी वळणाऱ्यांचा भाग, घराघरात तेलुगू. वर्गात थोडी कन्नड बोलणारी, थोडी घरी उर्दू-दखनी बोलणारी पोरं, आणि या सगळ्यांची शाळा मराठी माध्यमाची. घरी मराठीच बोलणारी पोरं माझ्या वर्गात निम्मीसुद्धा नसतील. त्यामुळं "मराठीच्या निबंधाला मार्क कशाचे द्यायचे" हा प्रश्न आमच्याकडं जरा जास्त टोचतो, पुण्याच्या शाळेत तो इतका टोचत असेल असं मला वाटत नाही.

तर रुब्रिक. एका प्रशिक्षणात ऐकलेला शब्द, प्रशिक्षणात ऐकलेले बहुतेक शब्द चहाबरोबर संपतात तसा हाही संपला असता. मुळात साधा तक्ता असतो तो. उभ्या बाजूला आपण काय काय बघणार ते निकष, आडव्या बाजूला पायऱ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या पायरीवरचं काम कसं दिसतं ते एका ओळीत. पण आम्हाला पडद्यावर जो नमुना दाखवला त्यात पायऱ्या होत्या उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक, आणि चौकटीत काय, तर "विचारांची उत्कृष्ट मांडणी", "विचारांची चांगली मांडणी", "विचारांची समाधानकारक मांडणी". म्हणजे उत्कृष्ट कशाला म्हणायचं, तर जे उत्कृष्ट आहे त्याला. मागच्या बाकावरून कुणीतरी सुलभकांना (म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांना) विचारलं की चांगली आणि समाधानकारक यात फरक कसा ओळखायचा, ते म्हणाले अनुभवानं कळतं. अनुभवानंच कळत असेल तर तक्ता कशाला पाहिजे ओ?

अनुभवानं काय कळतं त्याची गंमत सांगते. नववीच्या दोन पोरींची पत्रं मी नावं झाकून झेरॉक्स केली आणि स्टाफरूममध्ये ऑफ तासाला फिरवली. विषय एकच, वॉर्डात पाणी अनियमित येतं म्हणून महापालिका आयुक्तांना तक्रार. सोलापुरात हा विषय कल्पना करून लिहावा लागत नाही, उजनी धरण भरलं काय आणि नाही भरलं काय, नळाला पाणी काही दिवसांआडच. मार्क सहापैकी.

पहिलं पत्र सुरेख अक्षरात. प्रति, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. "पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय मानवी जीवनाची कल्पनाच करता येत नाही. आपल्या संतांनीही पाण्याचे महत्त्व सांगितले आहे." असं करत करत शेवटी "तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती." एकही काना-मात्रा इकडची तिकडं नाही. फक्त पत्र वाचून आयुक्तांना हे कळणार नाही की कुठल्या भागात, कधीपासून, काय झालंय.

दुसरं पत्र वाकड्या ओळीत, तारीख विसरलेली. "आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसाला येतो. तो पण रात्री दोन वाजता. आई उठून बांडी भरती. माझी आई विडी वळती, झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी हजार विडी होत नाही मग मजुरी कमी मिळती. रोज नका देऊ पण टायम तरी सांगा, संध्याकाळी सोडा."

पहिल्या पत्राला सगळ्यांनी साडेचार-पाचच्या आसपास दिले, त्यावर वाद नाही. दुसऱ्याला आमच्या सीनियर मराठीच्या बाईंनी दोन दिले, हिंदीच्या मॅडमनी तीन, आणि गणिताच्या सरांनी पाच. सर म्हणाले, आयुक्तांनी वाचलं तर यातलंच काहीतरी करतील की, ते पहिलं वाचून फाईलला लावतील. बाई म्हणाल्या, पाणी "येतो" लिहिणाऱ्या पोरीला मी पाच देऊ? नववीत? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि भांडण सहज अर्धा तास चाललं, ज्याचा त्या पोरींना काडीचा उपयोग नव्हता कारण त्यांना कुणाच्या हातात पेपर गेला यावर मार्क पडणार होते.

हे आमच्याच शाळेत होतं असं नाही. १९१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी पोरांनी लिहिलेले इंग्रजीचे दोन पेपर छापून वेगवेगळ्या हायस्कूलच्या शिक्षकांकडं तपासायला पाठवले, शंभराहून जास्त जणांनी तपासून परत केले, आणि त्यातल्या एका पेपरला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत सगळीकडं मार्क पडलेले. भाषेचा पेपर आहे म्हणून असं, अशी ओरड झाली, तर पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर तसाच पाठवला आणि त्यात फरक अजूनच मोठा निघाला (गणिताच्या सरांना हे सांगितलं, त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही). पुढं १९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले, त्यात शिक्षक होते, वकील होते, लेखक-संपादक होते, व्यापारधंद्यातले होते, आणि ढीग करायला पायऱ्या दिल्या नऊ. तीनशेपैकी १०१ निबंध असे निघाले की ज्यांना कुणी ना कुणी नऊच्या नऊ पायऱ्या दिल्या होत्या! मला त्यातलं पुढचं काम जास्त आवडतं. हे लोक नुसतेच लहरी नव्हते, त्यांचे गट पडत होते. कुणी मुख्यतः विचार बघत होतं, कुणी मांडणी, कुणी शब्द, कुणी व्याकरण-शुद्धलेखन, कुणी लिहिण्यातली वेगळी चव. म्हणजे आमच्या स्टाफरूमचंच भांडण, बाई एक गोष्ट मोजत होत्या, सर दुसरी, आणि दोघं त्याला "मार्क" म्हणत होते.

म्हणून मग आम्ही चौघांनी बसून पत्राचे सहा मार्क फोडले. माहितीला दोन, मागणीला एक, मांडणीला दीड, भाषेला दीड. हे फोडतानाच खरी रस्सीखेच झाली, बाईंना भाषेला तीन हवे होते, आणि माझ्या मते रुब्रिकचा अर्धा फायदा इथंच असतो, की कशाला किती वजन द्यायचं ते पोरांच्या पेपरसमोर बसून मूडनुसार ठरत नाही, आधी एकमेकांच्या तोंडावर ठरतं.

चौकटीत विशेषण लिहायचं नाही एवढा एकच नियम मी धरून बसले. कागदावर बोट ठेवून दाखवता येईल तेच लिहायचं. माहितीची ओळ आता अशी आहे: काय झालंय, कुठं झालंय, कधीपासून, आणि कुणाला काय त्रास होतोय, या चारही प्रश्नांची उत्तरं पत्रात सापडतात, दोन मार्क. तीन सापडतात, दीड. दोन सापडतात, एक. एकच सापडतं किंवा विषयाचं महत्त्वच सांगितलंय, अर्धा. बस. मागणीची ओळ: वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं ते लिहिलंय, एक. "योग्य ती कार्यवाही करावी" एवढंच, अर्धा. काहीच मागितलेलं नाही, शून्य. "योग्य ती कार्यवाही"ला अर्धाच म्हटल्यावर दहावीच्या मार्गदर्शिका पाठ केलेल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

या तक्त्यावर ती दोन पत्रं परत तपासली. अक्षरवालीला माहितीत अर्धा, मागणीत अर्धा, मांडणी दीड, भाषा दीड. बेरीज चार. विडीवालीला माहितीत दोन, मागणीत एक, मांडणी अर्धा, भाषा अर्धा. बेरीज चार. दोघींना चार! बाई म्हणाल्या, बघ, एवढा खटाटोप करून शेवटी सारखेच. पण ते सारखे नाहीतच ना. एकीला सांगायचंय की तुझं मराठी छान आहे, आता तुझ्या गल्लीबद्दल लिही, आणि दुसरीला सांगायचंय की तुझं म्हणणं पक्कं आहे, तारीख आणि "पाणी येतं" तेवढं बघ. आधीच्या पद्धतीत पहिलीला वाटत होतं तिला काही शिकायचं राहिलेलं नाही, आणि दुसरीला वाटत होतं आपल्याला मराठी येतच नाही.

भाषेच्या ओळीवर जरा थांबते कारण सोलापुरात सगळा अन्याय तिथंच होतो. तेलुगूत आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, आणि आपल्याकडं नळ तो, बादली ती, पाणी ते. का, तर तसंच असतं. घरी तेलुगू बोलणारं पोर बोलताना भ-ध-घ मधला ह गाळतं म्हणून भांडीची बांडी आणि धुण्याचं दुणं लिहितं. घरी उर्दू-दखनी असेल तर नळाचा नल होतो, पाणीचं पानी, कारण ळ आणि ण त्यांच्या जिभेला सवयीचे नाहीत. आणि घरी मराठी असलेलं आमचं अस्सल सोलापुरी पोरगं "पाणी येलालंय", "आई भरलालीय" असं लिहितं, तेही पुस्तकाच्या मराठीत बसत नाहीच. आता यातली प्रत्येक चूक वेगवेगळी मोजून अर्धा अर्धा मार्क कापत गेलं तर पोरगं पत्राच्या तिसऱ्या ओळीतच शून्यावर येतं, पुढं कितीही शहाणं लिहू दे. म्हणून भाषेच्या वरच्या चौकटीत आम्ही लिहिलं, "वाचताना अर्थासाठी कुठंही थांबावं लागत नाही आणि एकच चूक परत परत नाही", त्याखाली "चुका आहेत पण अर्थ लागतो", त्याखाली "काही ठिकाणी अर्थ लागत नाही". दीड, एक, अर्धा. शिवाय लिंगाची एकच चूक दहादा आली तरी ती एकच चूक. चुका माफ केलेल्या नाहीत, फक्त त्यांनी बाकीचे साडेचार मार्क खायचे नाहीत. (विडीवाल्या पोरीला भाषेत अर्धाच का मग, तर पत्राच्या मधल्या भागात दोन वाक्यं खरंच लागत नव्हती, ती मी इथं उतरवली नाहीत.)

तक्ता पेपर तपासताना काढायचा असेल तर न काढलेला बरा. तो लिहायच्या आधी पोरांच्या हातात पाहिजे. आम्ही एका ए-फोर कागदावर या तक्त्याच्या चार पट्ट्या बसवून झेरॉक्स काढतो, तेवढेही पैसे नसतील तेव्हा फळ्यावर आखून वहीत उतरवून घेतो. पोरं पत्राचा कच्चा मसुदा लिहितात, मग वह्या बदलून शेजाऱ्याचं पत्र पट्टीवर तपासतात, मार्क द्यायचे नाहीत, फक्त सापडलं तिथं पेन्सिलनं खूण. पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुसऱ्या बाकावर दोघांची चांगलीच जुंपली. एक जण शेजाऱ्याच्या वहीवर बोट आपटून म्हणतोय, "एप्पटिनुंची? एप्पटिनुंची रायलेदु!" कधीपासून ते तू लिहिलंच नाहीस. दुसरा म्हणतोय लिहिलंय की, "बऱ्याच दिवसांपासून". तर पहिला म्हणे बरेच म्हणजे किती, आयुक्तांना काय स्वप्न पडणारे का. वीस वर्षं मुद्दे अपुरे, मुद्दे अपुरे लिहून जे कुणाच्या डोक्यात शिरत नाही ते एका बाकावर तेलुगूतून दोन मिनिटांत झालं. मी तिथून काही न बोलता पुढं गेले.

मग मार्कांचं. रूथ बटलर म्हणून इस्रायलमधल्या एक संशोधक आहेत, त्यांचा १९८८ चा अभ्यास शिक्षकांच्या जगात बराच सांगितला जातो. पोरांचे तीन गट, एकाला नुसते मार्क, एकाला नुसता शेरा, एकाला मार्क आणि शेरा दोन्ही. नुसता शेरा मिळालेली पोरं पुढच्या कामात सुधारली. दोन्ही मिळालेली नुसत्या मार्कवाल्यांसारखीच राहिली, म्हणजे आकडा शेजारी आला की शेरा गेला. आमच्या दप्तरात कोंबलेल्या पेपरांचं हेच कारण, आणि वर वाईट म्हणजे तो शेरा लिहायला वेळ आपला गेलेला असतो. तर वर्गपाठाला मी आता पट्टीवर खुणा करून वही परत देते, बेरीज लिहीत नाही. पोरं अर्थातच हुशार आहेत, चौकटी बघून स्वतःच बेरीज करतात, करू देत, बेरीज करायला चारही चौकटी वाचाव्या लागतात ना. आकडा दोन दिवसांनी, तोवर ज्याला एक ओळ सुधारून परत लिहायचीय त्यानं लिहायचं.

पालकसभेत मात्र हे चालत नाही. तिथं "किती पडले?" एवढाच प्रश्न. एका आईला मी पट्टी दाखवून समजावत होते तर त्या म्हणाल्या, मॅडम मला वाचता येत नाही, पोरीला विचारा, आणि पोरगीनं आईला तेलुगूत सगळा तक्ता समजावला, कुठं कमी पडलं आणि का. प्रगतिपुस्तकातला "ब-१" तिला असा समजावता आला नसता.

प्रगतिपुस्तकावरून आठवलं, २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं), आणि त्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. कल्पना वाईट नव्हती हो, प्रत्येक पोराबद्दल दोन ओळी शिक्षकानं बघून लिहायच्या. झालं काय, तर नोंदींची तयार पीडीएफ ग्रुपवर फिरते, विषयवार, आणि सत्र संपताना सगळे उतरवून काढतात. "परिपाठात उत्साहाने सहभागी होतो." "अवांतर वाचन करतो." "गृहपाठ वेळेवर करत नाही." जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरं एकसारखी उत्साही. साठ-साठ पोरांचे वर्ग असताना शिक्षकाला दोषही देववत नाही. उलट माझा अनुभव असा की पट्ट्या वहीत चिकटवलेल्या असल्या की नोंद आपोआप सुचते, "माहिती नेमकी लिहितो, मागणी स्पष्ट करायला शिकला, लिंगवचन बघायचे". वेळही वाचतो, तोच शेरा साठ वह्यांत लिहिण्यापेक्षा चार खुणा करणं सोपं.

सगळीकडं हे लागू पडत नाही, तेही सांगून टाकते. बोर्डाच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला ८० पैकी २४ मार्क, त्यातलं पत्र, बातमी, जाहिरात हे तक्त्यात छान बसतं कारण त्यांना ठरलेलं काम आहे. कथालेखनाला मी तसाच तक्ता लावून बघितला तर पोरांनी चौकटी भरल्या. सुरुवात आहे, प्रसंग आहे, संवाद आहे, शेवट आहे, तात्पर्य आहे, आणि कथा कुठंच नाही. म्हणून कथा आणि आत्मकथनाला मधे एकच रकाना ठेवते, एवढं तरी असावं अशा चार ओळी, डाव्या बाजूला रिकामी जागा काय राहिलं ते लिहायला, उजव्या बाजूला रिकामी जागा काय जास्तीचं सापडलं ते लिहायला. लिहायला वेळ जातो पण उजवा रकाना भरताना तपासायचा कंटाळा येत नाही. रसग्रहणाला काय करायचं ते अजून जमलेलं नाही, आमच्या बाई म्हणतात रसग्रहण तक्त्यात घातलंस तर मी रिटायरमेंट घेते.

बाईंचं मात्र एक मानावं लागेल. मांडणीची ओळ त्यांनी लिहिलेली, वरच्या चौकटीत "पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता". एक दिवस एक पोरगी पट्टी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी, "बाई, आमच्या घराला नंबरच नाहीये, रस्त्याचं पण नाव नाही, मग पूर्ण कसा लिहू? मारुतीच्या देवळामागं एवढंच लिहितेत सगळे." सहापैकी साडेतीन का म्हणून कुरकुरणाऱ्या पोरांना बाई आजवर एका नजरेत परत पाठवायच्या. या पोरीशी मात्र बोलायला चौकट होती, तिनं बोट चौकटीवर ठेवलेलं होतं, बाईंवर नाही. बाईंनी चष्मा वर केला, पट्टी घेतली, "पूर्ण" खोडलं आणि लिहिलं, "जागा सापडेल इतका पत्ता". नवीन झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या.

आता विज्ञानाच्या सरांनी प्रकल्पांसाठी तक्ता मागितलाय. प्रकल्पांचं सगळ्यांना ठाऊक आहे, थर्मोकोलचा ज्वालामुखी दुकानात तयार मिळतो, ज्याच्या बापाकडं पैसे त्याचा ज्वालामुखी मोठा. सरांनी पहिली ओळ स्वतःच लिहून आणली, "प्रकल्पातली एक गोष्ट बदलली तर काय होईल ते विद्यार्थी सांगू शकतो", आणि सजावटीला ठेवलेत शून्य मार्क. त्यावरून चित्रकलेचे सर आणि ते सध्या एकमेकांशी बोलत नाहीयेत, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर बसायचं ठरलंय.